शंकूंची रांग

संध्याकाळी शहराबाहेर जाणारी गर्दी वाढली की आमच्या हमरस्त्यावरच्या ट्रॅफिक वॉर्डनताई येणारी-जाणारी वाहतूक वेगळी करणारे मधले केशरी शंकू एकेक उचलतात आणि एक लेन पलीकडे मांडतात. चालतात उलट्या पावलांनी, तोंड कायम येणाऱ्या गाड्यांकडे.

सिग्नलला थांबले असताना मी एकदा विचारलं, "ताई, भीती नाही वाटत?"

"वाटते की! म्हणून तर गाड्यांकडे पाठ करत नाही."

सकाळी शहराकडे धावणारी लेन बघता बघता माझ्या घराची वाट होते. एवढा लोंढा, पण निमूट वळतो. समोरून ट्रक येतो, माझ्यापासून हातभर अंतरावरून धडधडत जातो. मध्ये फक्त ताईंनी ठेवलेला एक पोकळ शंकू. आणि मी खुशाल, आज भाजी कुठली करायची, याचा विचार करत असते.