बाण आपोआप हलला, त्याची केस

ती केस डोक्यातून जात नाही, कारण त्या दुपारी आम्ही नवरा-बायको शेवटचं सोबत बसलो होतो. ती मोसंबी सोलून फोडी माझ्या हातावर ठेवत होती. केस ऐकून हसली, "तुमाला मोबाईलचं लॉक उघडत न्हाई, अन् कम्प्युटरचा चोर धरणार?"

तिचं बराबर होतं. मी शिपाई म्हणून भरती झालेला, रिटायरमेंटला टेकलेला सहायक फौजदार. जुन्या जालन्यातल्या एका अडत्याची तक्रार होती. कम्प्युटरवरचा बाण आपोआप हलला अन् सगळी बिलं पुसली गेली. हिशोब लिहिणारी पोरगी हसनाबादला घरी तान्हं लेकरू सांभाळत, इंटरनेटवरून तोच कम्प्युटर चालवायची. संशय तिच्यावर. साहेब म्हणाले, "उद्या सकाळी अटक दाखवा."

आदल्या दिवशीच ठाण्यात बोलावून मी तिला दरडावलं होतं, "तूच पुसलंस ना?"

"काका, पुसलेलं परत भरणार कोण? मीच ना?"

मी उठून सायबर सेलला गेलो.

सायबरच्या जवानानं समजावलं. दुरून कम्प्युटर चालवायच्या विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये ठरावीक कम्प्युटरलाच आत घेता येतं, कोण आलं त्याची नोंद राहते. अडत्याचं फुकटचं होतं. दर वेळी नवा पासवर्ड, ज्याला कळला तो आत. पुढं म्हणतो, "पण फुकटच्यातबी चांगली असतात, साहेब." माझा गोंधळ आणखी वाढला.

मंग त्या दुपारी मोसंबी खाऊन मी दुकानावर गेलो. अडत्याला म्हणालो, "रोज करता तसं करा. लावा पोरीला फोन." अन् समोरच्या कापडवाल्याच्या ओट्यावर सावलीला बसलो. हमालांचा गलका, त्यात अडत्या फोनवर पासवर्डचा एकेक आकडा बोंबलून सांगू लागला.

कापडवाला हसला, "झाली याची आरती सुरू. परवाचा नंबर सोपा होता."

परवाच बिलं पुसली गेल्ती. मी हळूच विचारलं, "कशाला सोपा? टाकायला?"

त्यानं हातातला कापड मोजायचा गज खाली ठेवला. "साहेब, त्याची पोती रोज माझ्या ओट्यावर! किती सांगावं? पोरीच्या आधी मीच लॅपटॉपवर टाकला नंबर, अन् पुसली बिलं."

अडत्या धावत आला. "चुकलंच माझं. विकतचं घेतो."

"त्याचाबी पासवर्ड असाच बोंबलला तर?"

"मंग काय घेऊ?"

"मला न्हाई माहीत. आधी आवाज कमी करा."

तेवढ्यात शेजारणीचा फोन आला. घरी पोहोचलो तोवर बायको गेल्ती. संध्याकाळीच सगळं उरकलं. छातीत दुखत होतं म्हणे.

विकतचं बरं का फुकटचं, आजही सांगता येत नाही. एवढंच शिकलो, की मशीन कळत नसेल तर त्याच्याजवळची माणसं कशी वागतात ते जाऊन बघावं.

कापडवाल्याची कबुली कागदावर आली नव्हती, अन् सकाळी पोरीची अटक ठरलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी घर पाहुण्यांनी भरलेलं. लेक म्हणाला, "बाबा, आज कुठं निघाले?" मी वर्दी चढवली. कापडवाल्याचा लॅपटॉप जप्त केला, पंचनामा लिहिला, साहेबांपुढं ठेवला. पोरगी लेकरू घेऊन ठाण्याच्या बाकड्यावर बसलेली. तिला म्हणालो, "जा माय, घरी जा."