दार लावल्याची तारीख

अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज या गावी शिकायला पोचलो तेव्हा घरमालकीणबाई स्वतः बसस्टॉपवर आल्या होत्या. ऐंशीच्या पुढच्या बाई, पण माझी बॅग त्यांनीच उचलली. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. माझ्यासाठी कोणी असं थांबेल याची सवय नव्हती. त्यांच्या घरात आतल्या एकाही खोलीला दार नव्हतं, नुसते पडदे. "वडिलांनी काढून टाकली," एवढंच त्या म्हणाल्या.

वडील महायुद्धात क्रूझरवर होते. पॅसिफिकमधल्या बेटांवर तोफा डागणारी युद्धनौका. बाईंना आता बारीक अक्षर दिसत नसल्यामुळे वडिलांची वही मी वाचून दाखवायची, असं ठरलं. त्यांना एकच जाणून घ्यायचं होतं: जहाजात पाणी शिरल्यावर वडिलांनी हुकमानुसार खालचं लोखंडी दार लावलं, तेव्हा आत माणसं होती का?

वहीत दोन सुटी पानं होती. एकावर ६/५: गोदीत पाणी उपसलं, खालच्या दारामागं पाच जण सापडले. दुसऱ्यावर ५/६: टॉर्पेडो लागला, हाका मारल्या, उत्तर आलं नाही, दार लावलं. आधी मे, मग जून. ते पाच जण आधीच्या हल्ल्यातले, असं मी सांगितलं. बाई रडल्या. संध्याकाळी त्यांनी माझ्यासाठी केक केला.

आठवड्यानं वहीत पुढं ५/१९ दिसलं. एकोणिसावा महिना कुठला? शाळेतल्यासारखा मी दिवस आधी धरला होता. इथं महिना आधी लिहितात. म्हणजे दार आधी लागलं होतं.

माझ्याच खोलीत राहणारा नागपूरचा रूममेट म्हणाला, "सांगू नको यार. म्हातारीला आत्ता कुठं झोप लागतेय."

"आणि त्यांनी दुसऱ्या कोणाकडून वाचून घेतलं तर?"

"तर नवीन रूम शोध. मोठी बघ, मी पण येतो."

दोन दिवस मी स्वयंपाकघराचा पडदा चुकवून मागच्या जिन्यानं कॉलेजला गेलो. त्यांनी हाक मारली तरी थांबलो नाही. तिसऱ्या सकाळी मात्र आत गेलो.

"माझी चूक झाली. तारखा मी उलट वाचल्या. ते पाच जण त्याच दारामागं होते."

बाईंच्या हातातलं फडकं थांबलं.

"हाका मारल्या होत्या ना वडिलांनी?"

"हो. तसं लिहिलंय."

"ते पान परत वाच."

मी पान उचललं आणि या वेळी महिना आधी वाचला.