लाल निघेपर्यंत

धुडकू महाजनाला लोकांसमोर हात उघडा करायची सवय नव्हती. देवळात प्रसाद घेतानाही तो मूठ अर्धवटच उघडायचा, पुजारी मग त्या फटीत साखर सोडून पुढे जायचा. लोकांना वाटायचं, म्हातारा कद्रू आहे. कद्रू बिद्रू काही नव्हता. सुरतेत पांडेसऱ्याच्या एका मिलच्या रंगखात्यात उभा जन्म गेलेला माणूस होता तो, आणि रंगखात्यातल्या माणसाचे हात त्याच्याआधी त्याची ओळख सांगतात. आज तपकिरी, उद्या जांभळे. मिलने हातमोजे दिलेले होते, पण ते घालून कामाला हात बसत नाही असं सगळेच म्हणायचे, म्हणून धुडकूही म्हणायचा.

पारोळ्याकडून सुरतेला आला तेव्हा मिसरूडही नीट फुटलं नव्हतं. पुढे लग्न झालं, प्रमिलाबाई आली, पांडेसऱ्याच्या चाळीत संसार लागला आणि हेमराज जन्मला. एक दिवस पाळी संपवून धुडकू घरी आला, तो थेट पाळण्याकडे गेला आणि त्याने पोराला उचललं. हेमराजच्या अंगात मामाने आणलेलं पांढरं झबलं होतं. त्याच्यावर पाचही बोटं हिरवी उमटली, ती शेवटपर्यंत निघाली नाहीत. प्रमिलाबाई रागावली नाही, एवढंच म्हणाली, "आधी हात धुई या ना." धुडकूने धुतले. सोडा लावून, दगडाने घासून धुतले. रंग जिथल्या तिथे. त्या दिवशी त्याने कानाला खडा लावला. पुढे हेमराज पाठीवर बसला, खांद्यावर बसला, पण त्याला आंघोळ घालणं, भरवणं, त्याची शी-शू काढणं यातलं काही धुडकूच्या हातून झालं नाही. पोरं कशी मोठी होतात हे त्याने आपल्याच घरात दारात उभं राहून पाहिलं. त्याचं त्याला वाईट वाटायचं, पण हे कोणाला सांगायचं असतं असं त्याला कधी सुचलं नाही.

आता प्रमिलाबाई नाही. मिलही सुटली. नखं वाढत गेली तसा नखांतला रंग निघून गेला. राहिला तो फक्त उजव्या अंगठ्यावरचा एक निळा ओरखडा. कधीकाळी तिथे चीर पडली होती, त्या चिरेत रंग शिरला आणि वरून कातडी धरली. तो काही आता निघणार नव्हता. बाकी हात साधे, म्हाताऱ्या माणसाचे असतात तसे झाले होते.

आणि या साध्या हातांत नातू आला.

नातवाचं नाव मौलिक. नाव गुजराती, शेजारणीने सुचवलेलं, हेमराजला आवडलं. घर आता कोसाडच्या वसाहतीत, दुसऱ्या मजल्यावर. हेमराज हजीऱ्याच्या बसने पहाटे कामाला जातो तो अंधार पडल्यावर येतो. सून नूतन साड्यांच्या कारखान्यात तयार माल तपासते. मौलिक दिवसभर धुडकूजवळ. पोरगं चांगलं गुटगुटीत, बोलकं, खोडकर, पण एका बाबतीत पक्कं जंगली. आईने कामाच्या घाईत डायपरवर दिवस काढलेले. डायपर काढला की हा कपाटामागे जाणार, तोंड लाल करणार आणि काम उरकून शहाण्यासारखा बाहेर येणार. संडासात पाय ठेवायला तयार नाही. त्या भोकातून आपण खाली पडू अशी त्याची खात्री होती.

वसाहतीजवळच्या बालमंदिरात नूतन नाव घालायला गेली, तेव्हा ताराबेनने स्पष्ट सांगितलं, "डायपरवाळो छोकरो नहीं चाले, बेन. जाते बाथरूम जवुं जोईए, जाते हाथ धोवा जोईए." आपलं आपण जाता आलं पाहिजे, आपले हात आपण धुता आले पाहिजेत. जूनमध्ये आणा, बघू.

हे नूतनच्या आईला, भागीरथीला, फोनवर कळलं. ती पारोळ्याहून म्हणाली, "पोऱ्याले धाडी दे मन्हाकडे. आठे एवढं अंगण शे, बठू दे कोठे बी. वरीसभरमा शिकी जाई."

नूतनने रात्री जेवताना विषय काढला. "आबा, तुमच्याच्याने दिवसभर आवरत नाही. बालमंदिरात घेतलं तर ठीक, नाहीतर जूनमध्ये त्याला आईकडे ठेवू." हेमराजने आणखी भाजी वाढून घेतली. धुडकू म्हणाला, "बघू." पोरगं गेलं तर हे घर दिवसभर बंद डब्यासारखं होणार आणि त्या डब्यात एकटा धुडकू. शिवाय एकदा पोर हातातून निसटलेलं होतं. तेव्हा हाताला रंग होता. आता काय सबब सांगायची?

दुसऱ्या दिवसापासून आबा कामाला लागले.

पहिले काही दिवस म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. धुडकू स्वतः संडासाच्या उंबऱ्यात उकिडवा बसायचा आणि म्हणायचा, "बस ना रे राजा, मी धरतो." राजा धुडकूच्या धोतरावरच कार्यक्रम उरकायचा. त्यात वरच्या मजल्यावरच्या मोठ्या पोरांचं बघून त्याने नवीन विद्या मिळवली. गॅलरीच्या जाळीला टेकून उभं राहायचं आणि थेट खाली सोडायचं. खाली कलाबाईचं उडदाच्या पापडांचं वाळवण. कलाबाई जिना चढून वर आली, धापा टाकत उभी राहिली आणि म्हणाली, "आबा, मी ऊन बघून पापड घातले. तुमच्याकडून पाऊस येणार होता तर आधी सांगायचं." धुडकूने तिचं वाळवणाचं ताट धुऊन दिलं. पापडांचं काय झालं ते त्याने विचारलं नाही.

मग त्याने आपली अक्कल वापरली. अक्कल एकच होती, रंगखात्यातली. कोरं कापड एकदम रंगात टाकलं की डाग धरतं. आधी नुसत्या पाण्यातून काढायचं, मग कोमट, मग रंग. तसंच याचं. आधी संडासात नुसतं उभं राहायचं, पाणी ओतायचं, खेळायचं. मग फरशीवर बसायचं. मग भांड्याच्या दोन्ही बाजूंच्या पायठ्यांवर पाय. भीती जायला वेळ लागला, पण एक दिवस मौलिक धुडकूचे दोन्ही अंगठे घट्ट धरून भोकावर बसला आणि जे व्हायचं ते योग्य जागी झालं. दोघांनी मिळून वर पाणी ओतलं. पोरगं आनंदाने नाचलं. धुडकूच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्याने खांद्याला पुसलं.

शूसाठीही बसायचंच, उभं राहायचं मोठं झाल्यावर, हे ठरलं. त्यामुळे भिंती वाचल्या आणि कलाबाईही. डाव्या हाताने धुवायचं, पाणी पुढून मागे जाऊ द्यायचं, चड्डी वर घ्यायची, तांब्या जागेवर ठेवायचा. हे सगळं तो शिकला. राहिलं होतं हात धुणं.

तिथे मात्र गाडं अडलं. मौलिक हात नळाखालून असे काढायचा की पाण्यालाही पत्ता लागू नये. साबण दिला तर साबणाशी खेळायचा. "मळ गेला का?" विचारलं तर म्हणायचा, "मळ आहेच कुठे?" खरंच होतं की. दिसत नाही ते पोराने का घासावं? धुडकू विचारात पडला. मिलमध्ये हात धुवायला कोणी शिकवलं नव्हतं. बोटांच्या बेचक्यात, नखांच्या कडेला रंग दिसायचा, तो दिसतो तोवर माणूस घासायचा. दिसलं की हात आपोआप चालतो.

मिलचा रंग पोराच्या हाताला लावायला धुडकू वेडा नव्हता. त्याने स्वयंपाकघरातून चिमूटभर हळद आणली, मौलिकच्या तळव्यांना चोळली आणि वर साबण दिला. पिवळे हात लालभडक झाले. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो हे धुणं धुणाऱ्या कुठल्याही बाईला ठाऊक असतं, पण मौलिकला ठाऊक नव्हतं. त्याने आ वासला.

"आता हे लाल निघेपर्यंत घासायचं," धुडकू म्हणाला. "लाल निघालं की हात धुतले गेले."

मग काय विचारता. पोरगं बेचक्यात घासू लागलं, नखं घासू लागलं, मनगटापर्यंत पोहोचलं. शी झाली की हळद, शू झाली की हळद, जेवणाआधी हळद. मोरी दिवसभर लाल. नूतन संध्याकाळी डबा उघडून म्हणायची, "आबा, हळद भाजीत पडण्याआधीच संपते." पण पोराचे हात हुंगून बघायची आणि डबा पुन्हा भरायची. पारोळ्याचा विषय तिने पुन्हा काढला नाही. धुडकू मनातून पक्का खूश होता. ज्या रंगाने पोर दुरावलं त्याच्याच जोरावर पोर राखलं, असं त्याला वाटत होतं.

जूनमध्ये आजा आणि नातू बालमंदिरात गेले. ताराबेन म्हणाली, थोडा वेळ आत सोडा, तुम्ही ओट्यावर बसा. मौलिक मागे न बघता आत गेला. खिडकीतून गाण्यांचे आवाज आले, मग मुलांची बाथरूमकडे जाणारी रांग दिसली. तिथल्या मदतनीस बाईने येऊन सांगितलं, "काका, तुमारा छोकरा तो एकदम हुशार. अपने आप बैठा, पानी भी डाला." धुडकूला धन्य झाल्यासारखं वाटलं. त्याने खिशातून तंबाखू काढला आणि परत ठेवला.

तेवढ्यात आतून रडण्याचा आवाज आला. तो मौलिकचा होता. ताराबेनने दारातून हाक मारली, "काका, आवो तो. आ नळ छोडतो नथी."

मौलिक नळाशी उभा होता. कोपरापर्यंत फेस. मागे पोरांची रांग खोळंबलेली, दोन-चार जण पाय आवळून उभे. बाई त्याला ओढत होती आणि तो नळाला लटकून रडत होता. "लाल नाही झालं! अजून लाल नाही झालं!"

चूक कोणाची ते धुडकूला तिथल्या तिथे कळलं. हात धुतले हे कशावरून ओळखायचं, तर लाल होऊन निघाल्यावरून. इथे हळद नव्हती. लाल झालंच नाही, मग निघणार काय? पोर आबाने शिकवलं तेच बरोबर करत होतं.

"काका, नळ एक छे अने छोकरां आटलां," ताराबेन शांतपणे म्हणाली. "हजी नानो छे. आवता वरसे लावजो." अजून लहान आहे, पुढच्या वर्षी आणा. पुढचं वर्ष म्हणजे पारोळा.

धुडकूने समजावून पाहिलं. "इथे लाल होत नाही रे. असंच स्वच्छ आहे." मौलिक ऐकेना. आबाच म्हणाला होता की लाल निघेपर्यंत. आता आबा खोटं बोलतोय की तेव्हा बोलला?

रांगेतली पोरं बघत होती, बाई बघत होती, ताराबेन बघत होती. धुडकू नळापाशी उकिडवा बसला. उजवा हात त्याने सवयीप्रमाणे धोतराच्या घोळात घातला होता. तो बाहेर काढायला त्याला वेळ लागला. मग त्याने तो मौलिकच्या पुढ्यात धरला, पाची बोटं पसरून.

"हे बघ. इथे निळं आहे. दिसतं?"

मौलिकने रडणं थांबवून अंगठ्याकडे पाहिलं. "दिसतं."

"तुझ्या हातावर काही दिसतं का? बघ नीट."

मौलिकने फेस धुऊन टाकला. तळवे पाहिले, पालथे हात पाहिले, बेचकी उघडून पाहिली. "नाही दिसत."

"मग तुझे धुतले गेले."

यावर पोराने जरा विचार केला. पण त्याने हात आवरते घेतले नाहीत. साबण उचलला आणि आबाचा अंगठा घासायला घेतला. आधी वरून, मग नखाच्या कडेने, मग बेचक्यात, शिकवलं होतं तसंच. मागची पोरं पुढे वाकून बघायला लागली. कोणीतरी गुजरातीत विचारलं, हे काय आहे. ताराबेनने त्याला गप्प केलं, पण ती स्वतःही बघत होती. धुडकूचे कान तापले. हात मागे घ्यावासा वाटला. त्याने घेतला नाही.

"आबा, तुझं निघत नाही," मौलिक म्हणाला.

"नाही निघत. जुनं आहे."

"मग?"

"मग काही नाही. मी बाहेर बसतो. तू आत जा."

मौलिकने नळ बंद केला, हात चड्डीला पुसले आणि रांगेतून आत निघून गेला. मागच्या पोरांनी नळाकडे धाव घेतली. ताराबेनने त्यांना पुन्हा रांगेत उभं केलं. मग म्हणाली, "काले डब्बो अने रूमाल साथे मोकलजो, काका. रूमाल भूलता नहीं." उद्या डबा आणि रुमाल देऊन पाठवा.

सुटायच्या वेळी मुलांना खडीसाखर वाटली. मौलिक मूठ आवळून धावत ओट्यावर आला. आबाला द्यायची म्हणून त्याने दोन खडे राखून ठेवले होते, ते घामाने चिकट झाले होते. देण्याआधी तो थांबला.

"हात धुतले?"

"तूच धुतलेस ना मघाशी."

"दाखव."

समोर आपापली पोरं न्यायला आलेल्या आया उभ्या होत्या. धुडकूने हात पुढे केला आणि मूठ पूर्ण उघडली.