आबांनी सांगितलेलं दुखणं

आई गेल्यावर केंदूरच्या घरात वडील आणि मी, दोघंच उरलो. एका सकाळी मोरीतून त्यांचं कण्हणं ऐकू आलं.

"काय होतंय, आबा?"

"काय न्हाई."

पुढं हुडहुडी भरून ताप आला, तेव्हा त्यांना शिरूरला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, तर आबांनी माझ्याकडं बघून तोंड फिरवलं. मी बाहेर जाऊन बसले. थोड्या वेळानं त्यांनीच मला आत बोलावलं.

"लघवीला लई जळजळतंय गं. लेकीला कसं सांगायचं?"

प्रोस्टेट ग्रंथी वाढली होती. लघवी तुंबून जंतुसंसर्ग झाला होता. लघवी तपासून गोळ्या सुरू झाल्या आणि हळूहळू आग थांबली.

आता काही दुखलं, तर आबा स्वतःहून सांगतात. फक्त तोंड भिंतीकडं असतं.