उजवीकडची दाढ

आमच्या घरात चांगली वस्तू वापरायची पद्धतच नव्हती. गावी थोडी हापूसची कलमं आहेत. मे महिन्यात घरभर आंब्याचा वास सुटायचा, पण बिनडागी आंबा मी लग्न होईपर्यंत क्वचितच खाल्ला असेन. चांगला तो पेटीत जायचा, नाहीतर कुणाला भेट द्यायला. आमच्या वाटणीला डागी, पाखरानं टोचलेला, पडून आपटलेला. बाबा सुरीनं डाग काढून फोड हातावर ठेवत आणि म्हणत, "चव तीच गो बाय." चव तीच असायची, हे कबूल. पण तेव्हा लागलेलं वळण पुढे कुठवर जाईल याची मला कल्पना नव्हती.

आई गेल्यावर मी बाबांना रत्नागिरीला माझ्याकडे घेऊन आले. जन्मभर कचेरीत कारकुनी केलेला माणूस, मागणी अशी काही नाही. शौक एकच, कुर्ल्या, म्हणजे खेकडे. मिरकरवाड्याच्या बंदरावरून कुर्ल्या आणल्या की बाबा अंघोळ करून, स्वच्छ बनियन घालून ताटावर बसत. डावीकडच्या दाढा काही पडलेल्या, काही हलणाऱ्या, त्यामुळे सगळा कारभार उजवीकडे. नांगी उजव्या दाढेखाली धरायची, फोडायची, आतला गर ओढून घ्यायचा. एका कुर्लीला अर्धा तास लागे आणि तेवढ्या वेळात घराला आग लागली असती तरी ते उठले नसते.

अशाच एका नांगीनं उजवीकडच्या दाढेचा कोपरा उडवला. जुनं सिमेंट होतं त्यात, तेही निघालं.

आमची डेंटिस्ट म्हणजे माझ्या मुलीच्या वयाची पोरगी, हात मात्र सोन्यासारखा. तिनं सांगितलं, "काका, पूर्वी अशा दाढेला चहूबाजूंनी तासून टोपी घालायचो. आता तेवढं तासत नाही. मोडलंय तेवढंच सिरॅमिक बनवून घ्यायचं आणि दाढेला चिकटवायचं." माप कोल्हापूरला गेलं, तिथून नखाएवढा तुकडा आला. बसवायच्या दिवशी तिनं दाढेभोवती रबराचा पडदा ताणला. निळं जेल लावलं, धुतलं, वाळवलं, काहीतरी पातळसं चोपडलं. "आता लाळेचा थेंब लागता कामा नये. लागला की पुन्हा पहिल्यापासून," असं म्हणून तिनं श्वास रोखून तुकडा बसवला आणि वर निळा दिवा धरला. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून बघत होते.

तोंड मोकळं झाल्याबरोबर बाबा म्हणाले, "सायकलचं पंक्चर काढतात तसंच की ह्ये. घासायचं, सोल्युशन लावायचं, बोट लावायचं नाय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण ती खळखळून हसली. "अगदी तसंच, काका! आजचा दिवस जपा. उद्यापासून बिनधास्त खा. नांगी तेवढी बत्त्यानं फोडा, मग चावा हवी तेवढी."

बाबांनी आरशात दाढ पाहिली. गाल बोटानं ओढून, पुन्हा पुन्हा. कुठे दात संपतो आणि कुठे सिरॅमिक सुरू होतं ते कळत नव्हतं. त्यांचा चेहरा इतका उजळला की येताना मी रिक्षात त्यांची फिरकी घेतली, "आता नवरी बघायची का?"

पुढच्या वर्षभरात बाबांचं खाणं हळूहळू आटलं. कुर्ल्या आणल्या तर म्हणत, "तुमी खावा, मना रसा पुरे." मग भाकरीचे काठ ताटात राहू लागले. मग भाकरीच बंद, भात कालवून. शेवटी सकाळ-संध्याकाळ पेज. मी म्हटलं, वय झालं. भात मऊ शिजवायला लागले, मासळीचा काटा काढून द्यायला लागले, आणि खोटं कशाला बोलू, आपण बापाचं किती करतो याचं मनातल्या मनात कौतुकही वाटायचं. माणूस मात्र वाळत चालला होता.

तपासणीला नेलं तेव्हा डॉक्टरनं दातांत निळा कागद धरून चावायला सांगितलं, दिवा मारून पाहिलं आणि म्हणाली, "काका, ही तर कालच बसवल्यासारखी आहे. एक ओरखडा नाही. आणि डावीकडे हे काय, होतं तेवढंही झिजून गेलंय? चावता कुठल्या बाजूनं?"

बाबा ताठ बसले. बक्षीस घ्यायला बोलावलेल्या मुलासारखे म्हणाले, "डावीकडून. ही चांगली दाढ हाय, तिला कशाला राबवायची?"

डॉक्टर आरसा हातात धरूनच माझ्याकडे वळली. "अहो, खाण्यासाठीच बसवलीय ती!"

तिथे मी हसले. घरी येताना रिक्षात मात्र मला असा संताप आला की विचारू नका. वर्षभर हा माणूस मोडक्या दाढांनी चघळत, गिळत, उपाशी राहत होता, आणि चांगली दाढ पेटीत भरून ठेवलेली. रागावू तरी कुणावर? मी त्याच घरातली. माझ्या कपाटात लग्नातला काचेचा सेट अजून कागदात गुंडाळलेलाच आहे.

"आज संध्याकाळी कुर्ल्या आणते," मी म्हटलं. "उजवीकडून खायच्या, माझ्यासमोर."

"आता पुनव जवळ आली गो. पोकळ असतील. अवस येऊ दे, भरलेल्या गावतील." त्यांनी माझ्या हातावर थोपटलं. "खातो. उजवीकडूनच खातो, बस?"

अमावास्या यायच्या आत त्यांना झटका आला. अर्धं अंग गेलं, बोलणं गेलं, गिळणंही गेलं. नाकात नळी घालून पातळ अन्न सुरू केलं. मला सगळ्यात जास्त कशाची हळहळ वाटली म्हणाल, तर पोकळ का होईनात, त्या संध्याकाळी मी कुर्ल्या आणल्या नाहीत याची. मिरकरवाड्याच्या रस्त्यावरूनच तर रिक्षा गेली होती.

तोंडानं खात नसला तरी पेशंटचं तोंड रोज पुसावं लागतं. नर्सनं बोटाला गॉज गुंडाळून दातांवरून कसं फिरवायचं ते शिकवलं. एका सकाळी मी उजव्या बाजूनं बोट फिरवत होते आणि बाबांनी जबडा मिटला. करकचून. मी ओरडलेच. नर्स धावत आली. "मुद्दाम नाही करत हो ते, आपोआप होतं. गाल दाबा, सोडतील."

गॉजमधूनही ती दाढ मला नीट कळत होती. कड शाबूत, जोर शाबूत. वर्षभरात तिच्याखाली पहिल्यांदाच काही आलं होतं, आणि ते माझं बोट होतं. माझ्या डोळ्यांना धार लागली. फार दुखतंय असं वाटून नर्स स्वतःच गाल दाबायला पुढे झाली. मी तिचा हात धरला.

"चावा, बाबा," मी म्हटलं.