डोळे मिटून उभं राहा

"तोंड उघड," हेडमास्तर म्हणाले.

मी उघडलं. बी. ए. झालेला, वरच्या वर्गांना इंग्रजी शिकवणारा माणूस भर दुपारी त्यांच्या खोलीत तोंड वासून उभा राहिला. हेडमास्तर खुर्चीतून उठले नाहीत. माझा श्वास लागेल इतकं जवळ येणं त्यांना जमणारं नव्हतं. त्यांनी शिपायाला बोलावलं. बसप्पा आला. माझ्याकडं न बघता त्यानं नाक पुढं केलं.

"वासनी इल्लरी, सर," तो म्हणाला. वास नाही.

"नीट बघ."

त्यानं पुन्हा वास घेतला. पुन्हा तेच सांगितलं. हेडमास्तरांनी चष्मा पुसला. "मग पहाटेच घेऊन येत असेल. दुपारपर्यंत वास कुठला राहतोय?"

झालं. निकाल लागला.

तक्रार एका वकिलांची होती. शाळेकडं यायच्या बोळात त्यांचं घर. महार मास्तर रोज झोकांड्या खात येतो, आमच्या भिंतीला हात लावत जातो, घरच्या बायकांना रोज भिंतीवर पाणी मारावं लागतं. वकील शाळेच्या कमिटीवर होते.

मी दारूला शिवलेलो नाही. आमचा अप्पा अळणावरला लाकडाच्या डेपोत ओंडके उचलायचा आणि सांज झाली की प्यायचा. दारुडा कसा चालतो ते मला कुणी शिकवायला नको. दारुड्याची झिंग सकाळी उतरते. माझी उतरत नव्हती.

आधी डाव्या डोळ्यापुढं धुकं आलं. आलं तसं गेलं. वाटलं, रॉकेलच्या दिव्यावर वाचून झालं असेल. पुढच्या उन्हाळ्यात तळपाय बधिर झाले. जमीन कापसाची वाटू लागली. पायातनं चप्पल कधी निसटली ते कळायचं नाही, मागं वळून बघावं तर रस्त्यात पडलेली. गरम पाण्यानं आंघोळ केली की उठता यायचं नाही. मग काही महिने सगळं ठीक. वाटायचं, गेलं एकदाचं. मग पुन्हा यायचं, आणि थोडं जास्तच घेऊन जायचं.

सगळ्यात वाईट एक गोष्ट होती. माझे पाय कुठं आहेत ते मला डोळ्यांनी बघावं लागे. अंधार झाला की मी संपलो. तोंड धुताना डोळे मिटले की मी न्हाणीत आडवा. मग अक्का मागं उभी राहून माझा सदरा धरायची. थोरली बहीण, विधवा, माझं घर तीच सांभाळायची. आख्ख्या महारवाड्यातला पहिला पदवीधर, आणि तोंड धुवायला बहीण लागायची.

काठी घेऊन बघितली. पण हाताची बोटंही बधिर. काठी टेकली की नाही ते कळायचं नाही. भिंतीचं तसं नाही. तळवा ठेवला की ती असते.

मिशनच्या दवाखान्यातल्या गोऱ्या डॉक्टरनं गुडघ्यावर हातोडी मारली, तळपायावर किल्ली ओढली. डोळे मिटून उभं राहा म्हणाला. मी पडायला लागलो तसं त्यानं मला दोन्ही हातांनी धरलं. धरलं, हे मुद्दाम सांगतो. रोगाचं नाव सांगितलं : डिसेमिनेटेड स्क्लेरोसिस. मज्जातंतूंवर जागोजाग चट्टे पडतात. औषध नाही. वाढत जाणार.

"पडायचं नाही," तो म्हणाला. "भिंत धरून चालायचं."

"कुणाची भिंत, डॉक्टर?"

त्याला प्रश्न कळला नाही. परमुलखातला माणूस.

हे सगळं मी हेडमास्तरांना सांगितलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "इतका नाजूक रोग तुमच्यात कुठून आला? तुमच्यात तोल जातो तो कशानं, ते सगळ्या गावाला माहीत आहे. बापाला विचार."

आणि मग त्यांनी दया दाखवली. ते सुधारक होते. आमच्या वस्तीत येऊन दारूबंदीवर भाषण करायचे, पाणी घरून आणायचे. त्यांच्या शाळेत शपथ द्यायची एक रीत होती. प्रार्थनेनंतर व्यासपीठावर उभं राहायचं, डोळे मिटायचे, हात जोडायचे आणि काय सोडलं ते सगळ्यांपुढं बोलायचं. विडी ओढणाऱ्या पोरांनाही हीच रीत. "शनिवारी दारू सोडल्याची शपथ घे," ते म्हणाले. "वकिलांना मी समजावतो. नोकरी राहील. तुझ्या लोकांपुढं उदाहरण होईल."

घरी मी उभा राहून बघितलं. डोळे मिटले, हात जोडले. अक्काच्या अंगावर पडलो. पुन्हा केलं, पुन्हा पडलो. अक्कानं मला उठवून बसवलं आणि ती चुलीकडं गेली. शपथ खोटी आहे हे तर होतंच. पण ती खोटी शपथ घेतानासुद्धा मी सगळ्या शाळेदेखत कोसळणार होतो, आणि ते कोसळणंच पुरावा होणार होतं. मला यातनं वाट दिसत नव्हती. मला नोकरी हवी होती. खोटं कशाला बोलू.

शनिवारी व्यासपीठावर गेलो. समोर पोरं रांगेनं उभी.

"डोळे मिटा, मास्तर," हेडमास्तर म्हणाले. चारचौघांत ते मला मास्तर म्हणायचे.

मी मिटले. होय, मिटले. जमीन गेली. अंग एकीकडं जायला लागलं. मागच्या रांगेतनं कानडीत आलं, "कुडुक." दारुडा. हसू पसरत पुढं आलं.

मी डोळे उघडले आणि हेडमास्तरांचं टेबल धरलं. दोन्ही हातांनी.

"टेबलावरचे हात काढा."

"काढले तर पडेन."

"शपथ घ्या."

"मी दारू प्यालो नाही. जी प्यालो नाही ती सोडायची कशी? मला रोग आहे."

कुणाचाही चेहरा बदलला नाही. एकही मास्तर पुढं आला नाही. हेडमास्तरांनी पोरांना वर्गात जायला सांगितलं. पायऱ्या उतरताना धरायला काही नव्हतं. मी पडलो. कोपर फुटलं. पोरं तिथंच थबकली. बसप्पा दोन हात पुढं करून आला, हेडमास्तरांकडं बघितलं, तसाच मागं सरला. मी बसून बसून एकेक पायरी उतरलो.

नोकरी गेली. काही दिवसांनी हेडमास्तरांचा निरोप आला. जागा अजून रिकामी आहे. पोरांपुढं नको, त्यांच्या खोलीत शपथ घेतली तरी चालेल. बसूनही चालेल.

"घे की," अक्का म्हणाली. "बसून तर हाय. तोंडानं म्हणायला काय जातंय?"

"तोंडच जातंय, अक्का."

"आणि खायाचं काय?"

मी गेलो नाही. आता अक्का दुसऱ्यांच्या शेतात जाते, त्यावर घर चालतं. मी उंबऱ्यात बसून आमच्या वस्तीतल्या पोरांना अक्षरं शिकवतो. उठलो की पडतो. रस्त्यावर पडलो की कुणीतरी म्हणतंच, "काय मास्तर, आज जास्त झाली?" मी पडल्या जागेवरून रोगाचं नाव सांगतो, सगळं. मराठीत सांगतो, कानडीत सांगतो. ऐकणारा बहुधा निघून गेलेला असतो.

आता जीभही जड व्हायला लागली आहे. शब्द लडबडतात. ऐकणाऱ्याला तर अगदीच दारुड्याचं वाटत असणार. पाय माझ्या हातात नाहीत, हात माझ्या हातात नाहीत, जीभही राहणार नाही. थांबवता येणार नाही, हे मला डॉक्टरइतकंच कळतं. पण ती वळते आहे तोवर, लडबडत का होईना, मी एकच सांगणार आहे : मी प्यालो नव्हतो. आणि ती पुरती बंद पडली की मान तरी हलवीन. नाही म्हणून.