मॅडमचा ठणठणीत खांदा

"दुखतंय का?" असं विचारणारा माणूस शेख मॅडमच्या लेखी टपलेलाच असायचा. "दुखण्याची चौकशी करणाऱ्याची आधी नियत बघावी," असं त्या म्हणत. आम्ही दोघी विद्यापीठाच्या उपकेंद्रात गणित शिकवायचो आणि धाराशिवात एकाच इमारतीत राहायचो. मॅडम मूळच्या परंड्याच्या, एकट्या. मी त्यांची जुनी विद्यार्थिनी. पण संशयातून मलाही सूट नव्हती.

टाळेबंदीत घरून शिकवणं सुरू झालं आणि आम्हा प्राध्यापकांची हाडं कुरकुरू लागली. डब्यांच्या चळतीवर लॅपटॉप ठेवून माझी मान धरली. ग्रुपवर गणित कमी, बाम, शेक आणि उशांचीच चर्चा जास्त. मॅडम तिथं अक्षरही लिहीत नसत. एकदा त्यांनी दाराची कडी डाव्या हातानं काढली, तेव्हा मला कळलं की उजवा खांदा आखडलाय. मी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, "काय बघतीस? डाव्या हाताला सवय लावायलीय."

त्यांची भीती मला ठाऊक होती. एम.एस्सी.च्या वर्गात त्यांचा जीव अडकलेला. फळ्यावर हात चालत नाही म्हटलं की वर्ग तरण्या माणसाकडं जाणार, आणि विभागात तरणी म्हणजे मीच.

तरी मी मागे लागून माझ्या फोनवर व्हिडिओ कॉल लावून सोलापूरच्या एका फिजिओथेरपिस्टबाईंशी त्यांची गाठ घालून दिली. बाई म्हणाल्या, "दुखरा हात हळूहळू वर करा." मॅडमनी धडधाकट डावा हात झर्कन वर केला! बाईंनी शाबासकी दिली. फोन ठेवल्यावर मी कपाळाला हात लावला, तर मॅडम म्हणतात कशा, "तुझ्या फोनात ते साठून ऱ्हातंय. उद्या कुणाला दावलंस म्हंजे?"

शेवटी इलाज त्यांनीच शोधला. फळा टीपॉयवर आडवा टाकला, छताच्या कडीला नाडीनं फोन टांगला आणि कोपराखाली उशी घेतली. खांदा उचलायचं कामच उरलं नाही. मुलांना दिसायचा तो फक्त खडू धरलेला हात. एकेक पायरी अशी सावकाश उलगडायची, की माझा तास नसला तर मीही ऐकत बसायचे. मला हेवा वाटायचा. तसं शिकवणं मला अजूनही जमत नाही.

एक दिवस विभागप्रमुखांचा मला फोन आला. "मॅडमचा हात कामातनं गेलाय म्हणे. पुढच्या सत्रात एम.एस्सी.चा वर्ग तुम्ही घ्या."

"छे हो सर! काल त्यांनी एकटीनं गादी गच्चीवर नेली," मी ठोकून दिलं.

सरांनी मग मॅडमनाही विचारलं असावं. झालं! बातमी फोडणारी मीच, असं त्यांनी ठरवलं. पुढं कितीतरी दिवस मी गेले की दार बोटभर उघडायचं. "घरात जासूस नको," एवढं ऐकू यायचं.

विद्यापीठ उघडल्यावर पुन्हा भिंतीवरचा उंच फळा आला. मॅडमनी मुलांनाच खडू दिला. "मी बोलते, तू लिही. हातानं लिहिलं तरच टाळक्यात शिरतं," म्हणायच्या. पोरं आधी घाबरली, मग तयार झाली. प्रमुखांना ही नवी अध्यापनपद्धतीच वाटली. वर्ग अखेरपर्यंत मॅडमकडंच राहिला.

त्या निवृत्त झाल्या त्या दिवशी निरोपाचा चहा संपून सगळे पांगले, तशी त्यांनी मला थांबवलं.

"आता तरी खरं बोल. सरांना माझ्या खांद्याचं तूच सांगितलंस ना?"

"सांगितलं. ठणठणीत आहे म्हणून."

"खोटं? आन् का? वर्ग तर तुलाच मिळत होता की. तुझा काय फायदा?"

"मला तुमच्यासारखं शिकवता येत नाही, मॅडम."

त्यांनी माझा चेहरा न्याहाळला. खोट सापडते का ते शोधत असाव्यात. मग उठल्या, व्हरांड्यात कोणी नाही ना हे पाहिलं, दार लोटलं आणि माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "लई दुखायचं गं."